आबांच्या वाटीतली खीर

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा सासूबाईंचा पहिला संशय दूधवाल्यावर होता, दुसरा गिरणीवाल्यावर. तिसरा नंबर माझा लागला. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. अक्का दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरून बघायच्या. दळण आणायला गेल्या की पीठ पडेपर्यंत गिरणीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, आपले गहू दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून. "बठ्ठा चोर शेतस," हे त्यांचं जगाबद्दलचं एकूण मत होतं आणि ते त्या दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायच्या.

मला त्याचा राग यायचा, पण नवल वाटायचं नाही. मीही काही कमी नव्हते. जळगावच्या माझ्या माहेरी वडील भाजीवाल्याचं तागडं हातात घेऊन बघायचे, आणि ती सवय माझ्यात जशीच्या तशी उतरली होती. एका घरात दोन संशयी बायका आल्या की काय होतं, ते मधल्या माणसाला विचारावं. आमचा मधला माणूस, म्हणजे माझा नवरा, भुसावळला रेल्वेत होता. तो सुट्टीला घरी यायचा, दोघींचं ऐकून घ्यायचा आणि कुणालाच काही न बोलता परत गाडीत बसायचा.

मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सकाळची शाळा, दुपारी घर. लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि त्या थंडीत सासऱ्यांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. बोलणं जवळजवळ बंद. 'हां' एवढा एकच शब्द उरला आणि तो ते सगळ्यालाच वापरायचे. दात आधीच गेलेले. डॉक्टर म्हणाले, मऊ, घट्टसर, थोडं थोडं द्या. पाण्यासारखं पातळ देऊ नका, ठसका लागेल.

अक्कांनी गव्हाचं सत्त्व काढलं. आमच्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तसंच. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून ते पांढरं पाणी न हलवता राहू द्यायचं. तळाशी चीक बसतो. वरचं पाणी ओतून टाकलं की खाली उरतं ते गव्हातलं निव्वळ पिठूळ, म्हणजे स्टार्च; चोथा नाही, कोंडा नाही. ते कापडावर वाळवलं की झालं सत्त्व. बाळंतिणीला, लहान मुलाला आणि आजाऱ्याला देतात. चमचाभर सत्त्व दुधात शिजवलं की अशी घट्ट खीर होते की चमचा उभा राहावा.

दुपारी चारला अक्का आबांना भरवायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. एक चमचा तोंडात, ओठ पुसायचा, थोडं थांबायचं, मग दुसरा. अर्धी वाटी झाली की आबा दमून डोळे मिटायचे. मग अक्का चमचा तसाच वाटीत ठेवून वर ताटली झाकायच्या आणि वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायच्या, गार होऊ नये म्हणून. तासाभराने आबा जागे झाले की उरलेली भरवायची.

आणि तासाभराने ताटली उचलली की खीर पातळ झालेली असायची. पातळ म्हणजे अगदी दुधासारखी. चमचा वाटीत आडवा पडलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीच्या आतल्या कडेला, खीर कुठवर आहे ते नीट बघून ठेवलं. तासाने बघितलं तर पातळी तेवढीच, खीर मात्र पातळ. त्यांनी हिशेब सरळ लावला. पातळी तेवढीच म्हणजे जेवढं गेलं तेवढं कुणीतरी आत घातलंय.

"घट्ट खाई टाकं आनि पानी वती दिधं," त्या म्हणाल्या. घरात आम्ही दोघीच हिंडत्या-फिरत्या. तेव्हा कोणी, हे विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं. "खीर कोनी खादी?"

"मी कशाला खाऊ आजाऱ्याच्या वाटीतलं? देवाशपथ नाही खाल्ली."

"आठे ये. तोंड दखाड मले."

मी पदवीधर बाई, चाळीस मुलांना दमात घेणारी, आणि स्वयंपाकघराच्या दारात सासूपुढे तोंड वर करून उभी राहिले. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि ओठांच्या कडा बघितल्या. काही सापडलं नाही. "पुसी लिधं व्हई," म्हणाल्या आणि हात सोडला. त्या वेळी मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला की मी न्हाणीघरात जाऊन उगाचच तोंड धुतलं. मग लक्षात आलं की धुतल्यामुळे मी जास्तच चोर दिसतेय.

दुसऱ्या दिवसापासून मला वेगळंच वाटायला लागलं. खीर आपोआप पातळ होत नाही हे मलाही कळत होतं. मी पाणी घातलं नव्हतं. आबा उठू शकत नव्हते. मग राहिलं कोण? अक्काच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी जायचंच, दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, तालुक्यातालुक्यातून लेकी एसटीने येतात. माझे वडील मला न्यायला येणार होते. सून घरातून हलली तर आबांचं सगळं एकटीवर पडणार, म्हणून म्हातारी मुद्दाम पाणी घालून माझ्यावर चोरीचा आळ घेतेय, असा माझा पक्का समज झाला. त्यात त्या एक दिवस म्हणाल्या, "आखाजीले तुले धाडानं का नही ते मी दखसू. तुन्हा बापले बी सांगसू, पोर काय गुनाची शे ती."

वडिलांना सांगणार, म्हणजे काय सांगणार? आजारी सासऱ्याच्या तोंडचा घास चोरणारी मुलगी. हे एकदा त्यांच्या कानावर पडलं असतं तर ते मला एका शब्दाने बोलले नसते आणि आयुष्यभर माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत राहिले असते.

मी म्हटलं, "वाटी जाळीच्या कपाटात ठेवा. कुलूप लावा. किल्ली कनवटीला."

अक्कांनी तसंच केलं. पातेल्यासकट वाटी कपाटात, वर कुलूप, आणि कपाटासमोर स्वतः पाट टाकून बसल्या. मीही समोर भिंतीला टेकून बसले, त्यांच्यावर नजर ठेवून. तासभर दोघी एकमेकींना पाण्यात बघत बसलो. कुलूप काढलं. खीर पातळ.

मला वाटलं, सुटले. पण अक्कांचा चेहरा उतरला. इतके दिवस त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या, त्या दिवशी घाबरल्या. "दुसरी किल्ली करेल व्हई," असं आधी पुटपुटल्या, पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना म्हणाल्या, "चोर परवडस. हाई काय शे?" गव्हाचं सत्त्व वाटीतून निघून जातं आणि आबा दिवसेंदिवस वाळत चाललेत, याची त्यांनी सांगड घातली. घरात काहीतरी शिरलंय. ते कधीपासून, तर सून घरात आल्यापासून. त्या तोंडाने बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की मला म्हणायच्या, तू बाहेर जाऊन बस. चोर होते तेव्हा निदान स्वयंपाकघरात तरी होते.

नवरा सुट्टीला आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुधात पाणी असेल." मी म्हटलं, "मग शिजवलेल्या पातेल्यात उरलेली खीर घट्ट कशी राहते? तीच खीर, तेच दूध. वाटीतलीच कशी पातळ होते?" तो म्हणाला, "वाटी बदलून बघा." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला.

पातेल्यातली घट्ट राहते आणि वाटीतली पातळ होते, हे मी माझ्याच तोंडाने बोलले होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. कारण मला कोण, एवढंच हवं होतं.

शाळेत वार्षिक परीक्षेआधीची उजळणी चालू होती. पचनाचा धडा. तो मी आदल्या वर्षीही शिकवला होता आणि त्यातल्या प्रयोगापाशी गडबड केली होती. प्रयोग असा की, शिजवलेल्या पिठुळाची खळ दोन परीक्षानळ्यांत घ्यायची, एकीत लाळ घालायची, नळ्या हाताच्या मुठीत गरम धरायच्या आणि थोड्या वेळाने आयोडिनचे थेंब टाकायचे. पिठूळ असेल तर निळा-काळा रंग येतो. लाळ घातलेल्या नळीत येत नाही. पुस्तकात असं होतं. आमच्या शाळेतलं आयोडिन माझ्या आधीच्या बाईंपासूनचं होतं, त्याने कशालाच रंग यायचा नाही, आणि मुलं बघायच्या आधीच वहीत 'निळा रंग नाहीसा झाला' असं लिहून मोकळी व्हायची. खरं सांगायचं तर माझाही त्यावर विश्वास नव्हता. थुंकीने काय होणार, असं मनात म्हणतच मी ते शिकवायचे.

त्या वर्षी मी जखमेला लावायचं टिंचर आयोडिन विकत आणलं. घरातल्या प्रकाराने मी इतकी वैतागले होते की कुठेतरी काहीतरी खरं आहे का ते बघावंसं वाटत होतं. एका मुलीला नळीत थुंकायला सांगितलं, वर्ग हसला. दोन्ही नळ्यांत खळ चांगली घट्ट होती, नळी आडवी केली तरी हलत नव्हती. धडा पुढे नेला आणि थोड्या वेळाने त्या मुलीने नळी आडवी केली. खळ पाण्यासारखी वाहून तिच्या फ्रॉकवर सांडली.

"बाई, ही पातळ झाली!"

मी खुर्चीतून उठले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती परीक्षानळी नव्हती, वाटी होती, आणि वाटीत उभा ठेवलेला आबांचा उष्टा चमचा.

पिठूळ म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. शिजवलं की या माळा पाणी धरून फुगतात, एकमेकींत गुंततात, म्हणून खीर घट्ट. लाळेत एक विकर असतं, ते या माळा मधूनमधून तोडतं. माळ तुटली की गुंता सुटतो, पाणी मोकळं होतं. पातळी तेवढीच, खीर पातळ. काही गेलं नाही, काही आलं नाही. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो तो यामुळेच. घास जठरात गेला की तिथलं आम्ल लाळेचं काम बंद पाडतं. मग लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो आणि उरलेल्या माळांचे तुकडे करतो, आणि शेवटी आतड्याच्या भिंतीशी एकेक कण सुटा होतो तेव्हा कुठे तो रक्तात घेतला जातो. मला गंमत वाटली. शरीरसुद्धा अक्कांसारखंच आहे. जकात नाक्यावर गाडी उभी करून प्रत्येक पोतं सोडून बघितल्याशिवाय आत काही घेत नाही.

त्या दुपारी मी घरी गेले ती टिंचरची बाटली पिशवीत घेऊनच. अक्कांना म्हटलं, "मला चोर म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. आज मी सांगते तसं एकदा करा." त्यांनी बाटलीकडे बघितलं. लाल औषध, सुनेच्या हातात. त्यांच्या मनात काय आलं ते मला चेहऱ्यावर वाचता आलं. म्हणून मी बाटली त्यांच्याच हातात दिली.

सत्त्व नुसत्या पाण्यात शिजवून दोन वाट्या केल्या. एकीतले चार चमचे अक्कांनी आबांना भरवले आणि चमचा आतच ठेवला. दुसरीत धुतलेला चमचा. दोन्ही कोमट पाण्यात ठेवल्या. आम्ही दोघी समोर बसलो. ताटल्या उचलल्या तेव्हा एक खीर तशीच उभी होती आणि दुसरी पातळ. ताटलीत दोन्हींचा एकेक चमचा काढून अक्कांच्या हातानेच टिंचर टाकलं. घट्ट होती ती शाईसारखी निळी-काळी झाली. पातळ होती ती तांबूसच राहिली.

अक्कांनी विचारलं ते हे, "चमचाले काय लायं व्हतं तू?"

"काही नाही लावलं."

"आते मी मन्हा हाते करस." त्यांनी स्वतःच्या ट्रंकेतला चमचा काढला, राखेने घासला, तीन पाण्यांनी धुतला. सत्त्व स्वतः शिजवलं. मला ओसरीवर बसवलं. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि आता हिने पाणी घातलं तर, हा जुना किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला. पण बऱ्याच वेळाने त्या दारात आल्या, हातात पातळ खिरीची वाटी होती आणि आवाज कधी नव्हता इतका हळू होता.

"म्हंजे यास्ना तोंडमा आजून जोर शे."

मी प्रयोग केला होता तो स्वतःवरचा आळ जावा म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, तो फास सुटला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अक्कांनी त्यातून वेगळंच काही उचललं. आबांचं अर्धं अंग मेलं, आता आतूनही एकेक बंद पडत चाललंय, आपण घालतो ते फुकट जातंय, हे त्या इतके दिवस मनात धरून होत्या आणि कुणालाच बोलल्या नव्हत्या. आणि तो वाकडं तोंड झालेला माणूस चार घासांत वाटीभर खिरीचं पाणी करत होता. त्या खाटेवर जाऊन बसल्या आणि आबांच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "चोर ते तुम्हीच व्हतात." आबा म्हणाले, "हां."

माझी माफी मागायचं त्यांना सुचलंही नाही. मीही वाट बघितली नाही. आखाजीला वडील आले तेव्हा अक्कांनी त्यांच्यापुढे खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढला आणि म्हणाल्या, पोर हुशार आहे, पण हट्टी आहे. मी एसटीत बसले आणि माहेरवाशिणींनी भरलेली शिरपूरकडची गाडी आमच्या बाजूने गेली तेव्हा उगाचच रडू आलं.

परत आले तर अक्कांचा नवा नेम सुरू झालेला. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्या आता आबांना प्रत्येक वेळी ताजी, घट्ट खीर वेगळ्या वाटीत द्यायच्या. पण उष्टा चमचा बुडवलेली थोडी खीर बाजूला झाकून ठेवायच्याच. तासाने ताटली उचलून बघायच्या. पातळ झाली असली की त्यांचा उरलेला दिवस चांगला जायचा. दूधवाल्याला दोन शब्द कमी बोलायच्या. "आज बी पातय शे," असं मला स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या. डॉक्टरांच्या नळीवर आणि नाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. वाटीवर होता. सगळ्या जगात तेवढी एकच गोष्ट होती जिच्यावर त्यांनी संशय घेतला नाही.

दिवाळीनंतर आबांना दुसरा झटका आला. त्यांनी डोळे उघडले, पण तोंड उघडेना. डॉक्टर घरी येऊन गेले आणि भुसावळहून आलेल्या नवऱ्याला बाहेर बोलावून, आता फार वेळ नाही, असं सांगून गेले. अक्कांनी खीर केली. चमचा ओठांशी धरला, ओठ ओले झाले, आत काही गेलं नाही. तरी त्यांनी तो चमचा वाटीत उभा केला, ताटली झाकली, कोमट पाण्यात ठेवली आणि आबांचा हात धरून बसल्या.

मी स्वयंपाकघरात होते. अर्ध्या तासाने राहवेना. ताटली उचलली. खीर घट्ट. जशी ठेवली तशी, वर साय धरून. तास झाला की त्या येणार आणि ही बघणार. डॉक्टरांचं त्यांनी मानलं नसतं, पण हे मानलं असतं.

मी चमचा उचलला, तोंडात घातला, चांगला चाटला आणि खिरीत ढवळला. पुन्हा घातला, पुन्हा ढवळला. ज्या वाटीसाठी मी देवाशपथ घेतली होती तीच वाटी. ताटली झाकली आणि भांडी घासायला बसले.

दिवेलागणीला अक्का आत आल्या. ताटली उचलली. खीर पातळ झाली होती. त्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं. जवळ आल्या, माझी हनुवटी धरली आणि चेहरा दिव्याकडे वळवला, तेव्हा केला होता तसाच. आता विचारतील, असं वाटून मी डोळे मिटले.

"ओठले खीर लागेल शे," त्या म्हणाल्या. "पुस."

आणि स्वतःच पदराने माझं तोंड पुसून, वाटी घेऊन आबांकडे गेल्या. "आज बी पातय शे," असं त्यांना सांगत होत्या, ते मला ऐकू येत होतं.